टॉवेल घेऊन सिनेमाला

सिनेमाला जाताना लोक पाण्याची बाटली नेतात, एसी सोसत नसेल तर शाल नेतात. आमचे व्यंकूअण्णा टॉवेल नेतात. कोरा, दुकानातला. दिवे गेले आणि पडद्यावर कुणी बोलायला लागलं, की अण्णा मांडीवर टॉवेल उलगडतात आणि तेच वाक्य पुटपुटत त्याची घडी घालतात. वाक्य संपेपर्यंत हात चालत राहिले तर वाक्य पास, मध्येच थांबले तर नापास. निकाल तिथल्या तिथे, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा.

अण्णांचं चादरी-टॉवेलचं दुकान आमच्या गावच्या भवानी पेठेत (पुण्यातल्या नव्हे), आमच्या घरासमोर. पूर्वी घरात माग होते. ''वहिनी, आमच्याकडं बसून कोण बोललंच नाही,'' ते मला सांगतात. ''बाबा माग चालवत ओरडायचे, अम्मा सुताच्या कांड्या भरत उत्तर द्यायची. हात थांबवून माणूस बोलायला लागला की समजायचं, पाठ केलेलं बोलालाय!''

एका सिनेमात मरायला टेकलेला बाप नाकात नळी असताना मुलाला संस्कारांवर बोलत होता. बोलत होता, बोलतच होता. आजूबाजूला हुंदके. अण्णांचा टॉवेल केव्हाच थांबलेला. शेवटी ते ओरडले, ''अहो, नळी काढा की आधी! एवढं बोलतोय म्हणजे बरा झालाय, घरी न्या त्याला!'' रडणारं थिएटर हसायला लागलं. माझे यजमान खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

पण आवडलं की अण्णा तितकेच खूश. दुसऱ्या एका सिनेमात घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी दारात उभा राहतो. बाप धान्य निवडतोय. तो मान वर न करता म्हणतो, ''चप्पल आत काढ, कुत्रं नेतंय.'' बस. अण्णांची घडी सुरेख पडली. त्यांनी तीच डोळ्यांना लावली आणि मध्यंतरात आम्हा सगळ्यांना भजी खिलवली.

''आम्ही'' म्हणजे चौघं. मी, यजमान, अण्णा आणि मालनबाई. दर शुक्रवारी संध्याकाळचा खेळ. तिकिटं, रिक्षा, परतताना कुणाच्या घरी पिठलं हे सगळं माझ्याकडे. यादी केल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही. मालनबाई मूळच्या बार्शीकडच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णांच्या शेजारच्या गाळ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकतात. अण्णांचं लग्न राहूनच गेलं. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणते, मालनबाई एकट्या ''व्यंकटराव'' म्हणतात. आणि अण्णांना ''गप बसा की, लोकं बगालेत!'' असं सांगायची हिंमतही त्यांचीच.

गेल्या महिन्यात मध्यंतरात मालनबाई म्हणाल्या, ''पोरगं रविवारी न्यायला येणार हाय. पुण्याला चल म्हंतंय. हितं माजं कोण हाय, असं इचारतंय. काय सांगू त्येला?''

तेवढ्यात घंटा झाली. उरलेल्या सिनेमात नायकाने डोंगरावर उभं राहून भलंमोठं भाषण ठोकलं. अण्णांचा टॉवेल पिशवीतून बाहेर आला नाही. हे लक्षण मला बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी यजमानांना घेऊन दुकानात गेले. थेट विषयाला हात घातला. ''अण्णा, मालनबाईंनी राहावं असं वाटतं ना? मग आज संध्याकाळच्या आत सांगा.''

''काय सांगायचं असतंय, वहिनी?''

या बाबतीत यजमान तयारीचे. ते म्हणाले, ''म्हणा, तुमच्यावाचून ही पेठ मला ओसाड आहे.''

अण्णांनी टॉवेल घेतला. ''तुमच्यावाचून ही पेठ...'' हात थांबले. ''नापास.''

मी म्हटलं, ''साधं बोला. उरलेलं आयुष्य सोबतीने काढू.''

''उरलेलं...'' टॉवेल अर्ध्यातच लोंबकळला. ''वहिनी, हे विम्याचा माणूस बोलतो तसं वाटालंय.''

सकाळभर आम्ही वाक्यं काढत होतो आणि अण्णा ती नापास करत होते. जगातल्या समस्त नायकांना नावं ठेवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य मिळेना. शेवटी ते हिरमुसून म्हणाले, ''जाऊ दे. जातील बाई सुखानं.''

तेवढ्यात मालनबाईच दारात. ''व्यंकटराव, सुनंला एक चादर दावा. चांगली.''

यजमान एकदम छताकडे बघू लागले. मी टॉवेल मोजायचं नाटक केलं. अण्णांनी लाल चादर उलगडून दाखवली. बाईंनी पोत बघितला, मान हलवली. ''द्या घडी घालून.''

इथे एक सांगायला हवं. मोठ्या चादरीची घडी नीट घालायला माणसं दोन लागतात. अण्णा एकटे, म्हणून त्यांनी भिंतीत दोन खिळे ठोकून त्यांना चिमटे बांधलेत. एक बाजू चिमट्यांत अडकवायची, दुसरी आपण धरायची. ही त्यांची युक्ती मी गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत आले होते. त्यात कौतुकाखेरीज आणखी काही असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

अण्णा चादर घेऊन खिळ्यांकडे गेले. चिमटा उघडला, तसाच मिटला. मग वळून म्हणाले, ''मालनबाई, तेवढी ती बाजू धरा की.''

''खिळं हायती की तुमचं.''

''हायेत. पण खिळ्याला कटाळा आलाय.''

बोलताना अण्णांचे हात चालूच होते. मालनबाईंनी दुसरी बाजू धरली. चादर दुमडली गेली. दोघं एकमेकांकडे दोन पावलं आली, टोकाला टोक जुळलं. मालनबाईंनी आपली टोकं त्यांच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाहीत. जरा वेळ चादरीकडे बघून म्हणाल्या, ''ह्यो रंग न्हाय आवडायचा सुनंला. दुसरी काढा.''

दुसरी काढली. मग तिसरी. त्या दुपारी कपाटातल्या सगळ्या चादरी नव्याने घडी झाल्या. आम्ही दोघं गुपचूप घरी आलो.

रविवारी मुलगा आला. जेवला, तीच लाल चादर आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन एकटाच पुण्याला परतला. जाताना अण्णांच्या पाया पडला. तेव्हा अण्णा म्हणाले, ''बस लागती का तुला? पुढं बस.''

शुक्रवारची चार तिकिटं मीच काढते. अण्णा टॉवेल नेतात, निकालही देतात. टॉवेल म्हणजे काही चादर नव्हे, एकट्याला सहज घडी घालता येते. तरी अंधारात त्याची दुसरी बाजू मालनबाईंच्या हातात असते.