दामलेकाकांचा हलका चाप

रोज संध्याकाळी सहाला आमच्या माडीवरच्या बैठकीच्या भिंतीतून आवाज यायचा. "ऑन युवर मार्क्स!" मग "सेट!" मग बराच वेळ काहीच नाही. आणि शेवटी, टक्क. माझ्या हातातला चहा निवून जायचा. पलीकडे शर्यतीला वाकून उभं कोण आहे, तेच कळायचं नाही.

वॉटफर्डमधल्या आमच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात दामलेकाका राहायचे. लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. आम्ही मार्चमध्ये राहायला आलो तेव्हा त्यांनीच सांगितलं, काकू पुण्याला गेल्यात. म्हणजे घरात काका एकटेच. पण टक्क झालं की ते कुणाला तरी हळूच म्हणायचे, "छान. पुन्हा." माझी बायको त्या सुमारास मुद्दाम टीव्ही मोठा करायला लागली.

काका म्हणजे असे, की चूक त्यांच्या घरी कधी पाहुणी म्हणूनसुद्धा आली नव्हती. त्यांची कचऱ्याची बिन घरंगळत येऊन माझ्या गाडीवर आदळली, तर "अहो, गाडी तिथे लावलीत कशाला?" ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झाले, तर तिन्ही परीक्षक अडाणी. या देशात लोक खांबाला धडकले तरी खांबाला सॉरी म्हणतात. काकांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. "माझं काम शंभरात शंभर," हे त्यांचं पालुपद.

शेवटी धीर करून मी त्या आवाजाचं विचारलं. त्यांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं. टेबलावर छोटं रिव्हॉल्व्हर! मी दोन पावलं मागे सरलो.

"अहो, घाबरता काय! ॲथलेटिक्स क्लबच्या शर्यती सुरू करायचं रिव्हॉल्व्हर आहे. नुसता बार, गोळी नाही. चाप फार जड आहे, तो हलका करतोय."

"सोपं असेल ना?"

"सोपं? स्प्रिंग मऊ केली की चाप हलका होतो, पण मग घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी हातोडी, तोही मरगळतो. काडतुसाच्या कडेवर ठोसा नीट बसला नाही, तर बार उडत नाही, नुसतं टक्क. दोन्ही साधायला हवं." त्यांनी उडालेलं काडतूस भिंगाखाली धरलं. "हा ठसा बघा. शंभरात शंभर!"

"पण इतका हलका कशाला?"

काकांनी भिंग पुसायला घेतलं. तेवढ्यात त्यांच्या रिकाम्या घराच्या माडीवर घंटी वाजली. "आलो गं," म्हणत ते निघून गेले.

जूनमधल्या एका रविवारी क्लबच्या मैदानावर काका व्हीलचेअर ढकलत आले. खुर्चीत नलिनीकाकू. त्या पुण्याला गेल्याच नव्हत्या. वर्षानुवर्षं क्लबच्या शर्यतींचा बार उडवणाऱ्या स्टार्टर त्याच होत्या. जानेवारीत स्ट्रोक आला, वाचा गेली, उजव्या हातातली बरीचशी शक्ती गेली, आणि असं कुणी आपल्याला पाहू नये म्हणून त्यांनी माडी सोडली नव्हती. आज त्याच उजव्या हाताने शर्यत सोडता आली नाही तर पुन्हा घराबाहेर पडणार नाही, असं त्यांनी डाव्या हाताने लिहून काकांना बजावलं होतं.

काकूंनी खुर्चीला बसवलेल्या दांडीवर उजवं कोपर टेकून रिव्हॉल्व्हर वर धरलं. काका ओरडले, "ऑन युवर मार्क्स! सेट!"

आठ मुली वाकल्या. मैदान चिडीचूप. काकूंचं बोट चापावर थरथरत राहिलं. आठ पाठी तशाच वाकलेल्या, एक केससुद्धा हलेना. भिंतीपलीकडची ती शांतता आता भर उन्हात माझ्यासमोर उभी होती. काकूंचे डोळे भरले. बोट सैल पडलं.

"स्टँड अप, गर्ल्स!" काका गरजले. "माय मिस्टेक! आय मेड द स्प्रिंग टू वीक. सॉरी, एव्हरीबडी, सॉरी!" मग काकूंकडे वळून म्हणाले, "नलू, स्प्रिंग फसली गं माझी. पुन्हा दाब."

काकूंनी नवऱ्याकडे असं काही रागाने पाहिलं, की मीच ओशाळलो. त्याच रागात दुसऱ्या खेपेला त्यांनी चाप ओढला. बार उडाला आणि मुली सुटल्या.

दुसऱ्या दिवशी बिन बाहेर काढताना मी म्हटलं, "काका, स्प्रिंग बदलणार आता?"

"का म्हणून? शंभरात शंभर आहे."

"वाटलंच मला. काल पहिल्या खेपेला टक्क झालंच नव्हतं." तीन महिने भिंतीतून ऐकलेला आवाज होता तो, मी कसा चुकेन? चाप मागे गेलाच नव्हता.

काकांनी माडीच्या खिडकीकडे पाहिलं.

"अहो," ते म्हणाले, "जरा हळू बोला."