बेटाचे अकरा, बोटीचे अकरा

बायको सात महिन्यांनी भेटणार असेल, तर शहाण्या नवऱ्याने त्या सकाळी टॅक्सी बाहेर काढू नये. मी काढली.

बायको, म्हणजे वर्लिन, प्रवाशांच्या क्रूझबोटीवर खोल्या आवरते. ती बोट बुधवारी आमच्या बेटावर, रोझो बंदराच्या धक्क्याला लागणार होती आणि वर्लिनला उतरायची परवानगी मिळाली होती. तिने निरोप धाडला, 'अकरा ते दोन. गेटपाशी ये. घरी जेवू.' मोजून तीन तास. त्यासाठी सासूबाई आदल्या दिवसापासून खेकड्यांच्या मागे लागल्या होत्या.

आता आमच्याकडे वेळा दोन. हिवाळ्यात बोटी फ्लोरिडाच्या घड्याळावर चालतात, म्हणजे बेटाच्या तासभर मागे. प्रवासी मागे राहू नयेत म्हणून आम्ही टॅक्सीवाले मनगटावर बोटीचीच वेळ लावतो. बोटीवरच्या बाईने अकरा लिहिले, म्हणजे बोटीचेच अकरा, असं मी ताडलं. (डोकं चालवायची हौस मला लहानपणापासून आहे.) माझ्या घड्याळात नऊच वाजले होते. तेवढ्यात गेटवर टॅक्सींची पाळी सांभाळणाऱ्या मा बर्टीलने माझा नंबर पुकारला. एक म्हातारं जोडपं होतं, ट्रॅफल्गारच्या धबधब्यापर्यंत जायचं होतं. म्हटलं, एक फेरी सहज होईल.

आजींना धबधबा आवडला. मग गरम पाण्याचं कुंड इतकं आवडलं की त्या बाहेरच येईनात. "सावकाश होऊ द्या," मी हसून म्हणालो. तरी माझ्या घड्याळात अकराला दहा कमी असताना मी गेटवर हजर होतो, स्वतःवर बेहद्द खूश.

वर्लिनचा पत्ता नव्हता. पाऊण तास मी उन्हात तिच्यावर चरफडत उभा राहिलो; फोन नेमका घरी राहिला होता. नवरा सात महिन्यांनी भेटणार आणि बाईसाहेबांना उशीर. शेवटी मा बर्टील जेवून परतली.

"तू इथे काय करतोयस?"

"वर्लिनची वाट बघतोय. अकराला येणार होती."

"आली की अकराला. बराच वेळ उभी होती बिचारी. मग कोणाच्या तरी गाडीने घरी गेली."

"पण अकरा वाजून अर्धाच तास झालाय."

"चर्चचं घड्याळ बघ, कथबर्ट."

त्यात बेटाचा पाऊण वाजायला आला होता. मी गाडी घराकडे पिटाळली, ती वाहतुकीत अडकली. समोरून येणाऱ्या रांगेत सिल्व्हनची टॅक्सी होती. कार्निव्हलपासून आमचं बोलणं बंद आहे, म्हणून मी मान फिरवून बसलो, चांगली दोन मिनिटं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आत्ताच गेली. म्हणाली, तू गेटवर असशील. सिल्व्हन सोडतो म्हणाला."

"जेवली?"

"तुझ्यासाठी थांबली होती. सिल्व्हन जेवला."

गेटवर पोचलो तेव्हा दोनला पाच कमी होते, बेटाचे. वर्लिन कुंपणाच्या आत, मी बाहेर. किती वाळली होती. मला रडू यायला लागलं, म्हणून मी भांडलो.

"बोटीची वेळ लिहायची ना."

"मी मुद्दाम बेटाची लिहिली. तुझा गोंधळ नको म्हणून."

"मी मुद्दाम बोटीची धरली. तुला घाई नको म्हणून."

"फार शहाणा आहेस. सात महिने मी हा एक दिवस मोजत होते, कळतंय का तुला?"

कळत होतं. पण तेवढ्यात मागून आजी आल्या. "अगं वर्लिन, आमची खोली किती छान ठेवतेस. हा तुझा नवरा? गुणी माणूस हो. इतका निवांत ड्रायव्हर पाहिला नाही. आम्ही तासभर पाण्यात बसलो, एकदा घाई केली नाही."

वर्लिन गोड हसली. "थँक्यू, मॅडम." प्रवाशांसमोर हसायचं, असा बोटीवर नियम आहे. सात महिन्यांत मी पाहिलेलं बायकोचं ते पहिलं हसू, आणि आजींची पाठ वळताच ते संपलं.

पहारेकऱ्याने तिला बोटीकडे बोलावलं. काहीतरी मायेचं बोलावं म्हणून मी घाईघाईने तोंड उघडलं, आणि रोजच्या सवयीने बाहेर पडलं, "पुन्हा या हं आमच्या बेटावर."