नफ्यातले वानखेडे सर

सिंगापुरातल्या आमच्या क्लेमेंटीच्या इमारतीत दहाव्या मजल्यावरची एक खिडकी बसमधूनही ओळखू यायची. इथे लोक कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर वाळवतात, त्यामुळे घरात कोण राहतं ते रस्त्यावरूनच कळतं. एक बाई, एक बुवा, शाळेत जाणारी दोन मुलं. वानखेडे सरांच्या खिडकीतून मात्र दर शनिवारी एकाच रंगाचे, पाठीवर नंबर असलेले पंधरा शर्ट लटकत. आणि सर राहायचे एकटे.

कुणीतरी तक्रार केली, की या फ्लॅटमध्ये माणसं कोंबलेली आहेत. चौकशीला एक तरुण अधिकारी आला. शेजारी म्हणून मीही दारात उभा राहिलो. त्याने दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे त्याला हवा गेलेले फुटबॉल सापडले.

“माणसं कुठे आहेत?” त्याने विचारलं.

“कॉलेजात,” सर म्हणाले. “इथे फक्त त्यांचा घाम येतो.”

वानखेडे सर मूळचे नागपूरचे. ज्या खाजगी कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागात होतो, तिथेच ते क्रीडा विभागाचे प्रमुख होते. विभागात प्रमुख तेवढे उरले होते, बाकीच्यांना आधीच नारळ मिळाला होता. नवीन डायरेक्टरबाई आल्या आणि त्यांनी जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक विभागाने आपला खर्च आपण काढायचा. अकाउंटन्सीवाले फी वाढवून मोकळे झाले. खेळाच्या फीला कोण विचारतो? पहिली कात्री धुलाईच्या कंत्राटाला लागली आणि रग्बीचे शर्ट सरांच्या बादलीत आले.

“जमवतो न मी,” सर म्हणाले. हे त्यांचं पालुपद होतं. कुणी काहीही काढून घेतलं तरी सर म्हणायचे, “जमवतो न.”

आणि जमवायचे. बॅडमिंटनच्या फुलांची पिसं मोडली, की ऑफिसातल्या किटलीच्या वाफेवर धरून सरळ करायचे. त्या किटलीतला चहा प्यायलेल्या माणसाच्या तोंडात दिवसभर कोंबडी रेंगाळायची. टक्कल पडलेल्या टेनिस बॉलना ते ‘सीनियर’ म्हणत. नवा बॉल मागणाऱ्या पोराला सांगत, “सीनियरशी खेळायला शिक. तो उसळत नाही, तूच वाक.”

सकाळी लिफ्टमध्ये भेटले, की “जय भीम, शिंदेसाहेब” म्हणून थेट कालच्या सामन्यावर यायचे. सामना आम्ही हरलेलोच असायचो. सर त्या हरण्याचं वर्णन इतकं रंगवून करत, की तळमजला येईपर्यंत आपण थोडक्यात हुकलो असं मलाही वाटायला लागे. प्रेक्षकांत बहुधा एकटे तेच असत. टाळी दोन्ही बाजूंना वाजवत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. माझ्या बायकोने एकदा जेवताना कारण विचारलं. सर म्हणाले, “वहिनी, मुलगी पाहायला जायचं ठरलं होतं न. पण त्याच दिवशी आमच्या खो-खोच्या टीमची फायनल निघाली.”

“मग दुसऱ्या दिवशी जायचं.”

“दुसऱ्या दिवशी कसा जाणार? फायनल हरलो होतो. कुणाशी बोलायची इच्छा नव्हती.”

धुऊन आणि वाफ देऊन विभाग चालेना, तेव्हा सर प्रायोजक शोधायला बाहेर पडले. बुकित तिमाहच्या बंगल्यांपासून मरीन परेडच्या दुकानांपर्यंत पायपीट केली. कॉलेजच्या हरणाऱ्या टीमवर पैसा लावायला कोण बसलंय? शेवटी एक बाम विकणारा म्हातारा तयार झाला. मुलींच्या नेटबॉल टीमला नवे शर्ट मिळाले, आणि प्रत्येक शर्टाच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘गुडघे दुखतात?’

अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुली. समोरची टीम हसून हसून लोळली. कॅप्टन हुई मिन सरांकडे येऊन म्हणाली, “सर, सो पाइसे, लाह.”

पाइसे म्हणजे इथल्या बोलीत लाजिरवाणं. सरांना ते मराठीत ऐकू आलं.

“पैशांसाठीच तर आहे, बेटा,” ते तिला समजावून सांगू लागले.

मी नंतर खरा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. मग म्हणाले, “एका शब्दात दोन्ही बसवलं न यांनी. हुशार लोक आहेत.”

बामाने भागलं नाही. मग सरांच्या डोक्यात हॉल आला. आमच्या कॉलेजचा खेळाचा हॉल मोठा, वातानुकूलित. रविवारी रिकामा असतो, भाड्याने देऊ, त्यावर टीम जगवू. पहिलं लग्नाचं जेवण झालं, गोल टेबलं लागली, बास्केटबॉलच्या रिंगला गुलाबी फुगे बांधले गेले. सर भाड्याची पावती घेऊन मुलासारखे नाचत माझ्याकडे आले. “एका जेवणात हॉकीचं वर्ष निघालं, शिंदेसाहेब.”

मग शनिवारही गेला. मग शुक्रवार संध्याकाळ. घरबसल्या श्रीमंत व्हा असं शिकवणाऱ्या एका कंपनीने आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी घेतल्या. शंभरएक माणसं खुर्च्यांवर उभी राहून “आय कॅन” असं ओरडायची, आणि बाहेर कार पार्कमध्ये आमची बास्केटबॉल टीम गाड्या चुकवत ड्रिबल करायची. “थोडे दिवस,” सर पोरांना सांगत. “पैसा जमला, की हॉल आपलाच आहे.” पैसा जमत होता. वर्षअखेरीस क्रीडा विभाग नफ्यात आला. डायरेक्टरबाईंनी भर सभेत सरांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. सर लाजले होते. आनंदाने लाजलेला माणूस इतका मूर्ख दिसू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पुढची सभा महिन्याभरातच झाली. प्रोजेक्टर माझ्याकडे असल्यामुळे मीही तिथे होतो. पडद्यावर दोन रंग आले. हॉल हिरवा. सगळ्या टीम लाल. बाई शांतपणे म्हणाल्या, की या विभागात कमाई कशाची आणि तोटा कशाचा ते आता स्पष्ट दिसतंय. पुढच्या सत्रापासून टीम बंद. लीगमधून नावं मागे घेतली आहेत. हॉलचं काम एक एजन्सी बघेल.

सर उभे राहिले. “मॅडम, हॉल मी टीमसाठी भाड्याने दिला होता.”

“आणि ती कल्पना फारच यशस्वी झाली,” बाई म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्या खरंच कौतुक करत होत्या.

“मग मी काय जमवायचं आता?” सरांनी विचारलं. त्यांना नोटीस मिळाली. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास जातो, आणि पास गेला की महिन्याभरात देश सोडायचा. कॉलेजच्या नव्या माहितीपुस्तकात मात्र नेटबॉलच्या मुलींचा फोटो पानभर छापून आला. पाठमोरा नव्हे, समोरून.

पुढच्या रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो. आमच्या इमारतींना तळमजल्यावर घरं नसतात, खांबांमधली मोकळी जागा असते. म्हातारे तिथे पट खेळतात, कुणाचं लग्न-मयत असलं की मांडव पडतो. भिंतीवर ठसठशीत पाटी आहे : चेंडूचे खेळ खेळण्यास मनाई. त्या पाटीखाली वानखेडे सर उभे होते आणि समोर नेटबॉलची टीम सराव करत होती. चेंडू नव्हता. हुई मिन हवेतून काहीच झेलत नव्हती, आणि ते काहीच नाही पुढच्या मुलीकडे फेकत होती. ती मुलगी उडी मारून ते पकडत होती.

“उंच गेला,” सर ओरडले. “छातीच्या रेषेत टाक.”

मी जवळ गेलो. “सर, हे काय?”

“पाटी चेंडूची आहे न. खेळाची नाही.”

“पण टीमच बंद झालीय. लीगमधून नाव काढलंय.”

त्यांनी माझा दंड धरून मला खांबामागे नेलं. “हळू बोला, शिंदेसाहेब. पोरींना मी अजून सांगितलं नाही.”

“कधी सांगणार?”

“तीनदा सांगायला गेलो. मला पाहिलं की धावत येतात, आणि आज काय शिकवणार म्हणून विचारतात.” ते चष्मा पुसत राहिले. “चाळीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.”

दूध घेऊन परतताना बसस्टॉपवर हुई मिन भेटली. सराव संपला होता. मला राहवलं नाही. मी आडून विचारलं, पहिला सामना कधी आहे.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “अंकल, वी नो, लाह,” ती म्हणाली. “नोटीस बोर्डावर लागलंय.”

“मग येता कशाला?”

“सर एकटे असतात, नो?” बस आली. पायरीवर चढून ती वळली. “सरांना सांगू नका, ओके?”

मी दोघांचंही कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या रविवारी मी मुद्दाम खाली जाऊन बसलो. मंगळवारी सरांचं विमान होतं. सराव संपल्यावर त्यांनी मुलींना गोल बसवलं आणि सांगितलं, की ते जरा गावी जाऊन येणार आहेत, तोवर हुई मिन सराव घेईल. मुलींनी माना डोलावल्या. एक खाली बघत बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

“सर,” हुई मिनने विचारलं, “पहिल्या मॅचला सेंटर कोण?”

सरांनी कंबरेवर हात ठेवून एकेकीकडे पाहिलं. खरोखरच निवड करायची असावी तसं पाहिलं. शेवटी कडेला बसलेल्या एका बुटक्या मुलीवर त्यांची नजर थांबली. जास्मिन तिचं नाव. ती कायम राखीव असायची.

“जास्मिन.”

“मी?” ती उभी राहिली. “सर, शुअर?”

“शुअर. फक्त डावीकडे वळताना तुझा पाय घसरतो, तेवढं सुधार.”

जास्मिन दोन पावलं मागे गेली, हवेतला पास झेलला आणि डावीकडे वळली. मग पुन्हा वळली. सर गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि तिचा पाय बघत राहिले.