गोजरबाईंना दोन हार

उद्घाटनाला तासभर उरला असताना गोजरबाईंचा चेहरा हिरवा पडला.

खऱ्या गोजरबाईंचा नव्हे. त्या घरी ठेवणीतलं लुगडं नेसत होत्या आणि त्यांचा चेहरा नेहमीसारखाच, समोरच्याचं काहीतरी चुकलंय असा होता. हिरवा पडला तो शाळेच्या टीव्हीतल्या गोजरबाईंचा. हा टीव्ही वर्षभर गुमान चालायचा आणि पाहुणे येणार म्हटलं की आजारी पडायचा.

"पाह्य बरं," मयुरी म्हणाली. "शेवाळ धरल्यासारखी दिसून राह्यली माय."

धम्मशीलानं टीव्हीमागून डोकं बाहेर काढलं. दहावीच्या वर्गात तारा जोडायचं काम धम्मशीलाचं आणि त्या तारा का जोडल्या हे सगळ्यांना पटवायचं काम मयुरीचं. "रंगच काढून टाकतो आपण," ती म्हणाली. "ब्लॅक अँड व्हाइट. म्युझियम हाये, जुनं दिसलं तं चांगलंच."

रंग काढला. गोजरबाई एकदम छान, शांत आणि गंभीर दिसू लागल्या. मग टीव्ही टीव्हीसारखा दिसू नये म्हणून मयुरीनं सुताराकडून आणलेली लाकडी चौकट त्याच्याभोवती बसवली. दोघी दोन पावलं मागे सरकल्या आणि स्वतःच्या कलेवर खूष झाल्या. भिंतीवर चौकट, चौकटीत म्हातारी, काळीपांढरी. यात काही खटकण्यासारखं आहे हे त्या दोघींना दिसलं नाही, कारण त्यांना माहीत होतं की गोजरबाई आत्ता घरी लुगडं नेसतायत. बाकी गावाला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

या संग्रहालयामागे मयुरीचा एक जुना राग होता. सहलीत तिनं एक मोठं संग्रहालय पाहिलं होतं. तिथं सगळं काचेत, आणि काचेपाशी गेलं की शिपाई ओरडायचा, "हात लावू नका." तेव्हाच तिनं ठरवलं, आपलं संग्रहालय काढायचं तर हात लावायचं. म्हणून टेबलावर गोजरबाईंच्या घरचं जातं आणि कंदील, शेजारी उभी त्यांचीच पेरणीची तिफण, आणि प्रत्येकाला चिकटवलेला सेन्सर. वस्तूला हात लावला की चौकटीतल्या गोजरबाई जाग्या होऊन त्या वस्तूची गोष्ट सांगणार. चौकटीच्या माथ्यावर बोटभर कॅमेरा. समोर माणसाचा चेहरा आला की तो ओळखणार.

पण चाचणीच्या वेळी सातवीची पोरं आली ती रांगेत, हात मागे बांधून उभी राहिली आणि तशीच निघून गेली. शाळेनं त्यांना तेवढंच शिकवलं होतं. मग धम्मशीलानं एक सोय केली. समोर चेहरा आहे, पण कशालाच हात लागला नाही, तर थोड्या वेळानं गोजरबाईच ओरडणार. ते वाक्य गोजरबाईंनी स्वतः रचलं आणि एका दमात रेकॉर्ड करून दिलं.

आता राहिले मुख्याध्यापक खरात सर. त्यांनी ही खोली दिली होती ती अटीवर. पोषण आहाराच्या तांदळाची पोती व्हरांड्यात होती आणि उंदरांना तो व्हरांडा फार आवडू लागला होता. "कार्यक्रम नीट झाला तर खोली तुमची," सर म्हणाले होते. "फजिती झाली तर उद्या सकाळी हमाल बोलावतो आणि पोती आत. शाळेची अब्रू आधी, मग तुमची टेक्नॉलॉजी."

मयुरीनं होकार दिला होता. फजिती कशी होईल, हेच तिला कळत नव्हतं. सगळं तर तपासलं होतं. फक्त पाहुणे तपासायचे राहिले.

पाहुणे म्हणजे भगवंतराव. कुठल्यातरी समितीचे माजी सभापती. पद गेलं होतं, पण कार्यक्रम गेले नव्हते. त्या दिवशी त्यांना तीन होते. सकाळी एक लग्न, मग हे संग्रहालय, आणि मग धाड गावाला कोणाचा तरी दहावा. लग्न लांबलं, त्यामुळे ते आले तेच घाईत. त्यांची गाडी चालवणारा आणि फोटो काढणारा गजेंद्र सारखा घड्याळ दाखवत होता.

खरात सरांनी प्रथेप्रमाणे ताट तयार ठेवलं होतं. समई, उदबत्ती, झेंडूचा हार. शाळेत कुठलाही कार्यक्रम तसबिरीला हार घातल्याशिवाय सुरू होत नाही. फक्त शाळेच्या तसबिरी नेमक्या रंगकामासाठी कपाटात गेल्या होत्या, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

भगवंतराव आत आले. त्यांनी ताट पाहिलं. हार पाहिला. मग हार घालायला काय आहे ते पाहिलं. चौकटीत म्हातारी, काळीपांढरी. त्यांच्या चेहऱ्यावरचं लग्नाचं हसू हळूच उतरलं आणि तिथं दहाव्याचं दुःख येऊन बसलं.

"अरेरे," ते म्हणाले आणि त्यांनी हार उचलला.

"साहेब, त्या अजून..." खरात सर पुढे झाले.

"माहीत हाये सर, मले माहीत हाये." भगवंतरावांनी हार चौकटीच्या कोपऱ्याला अडकवला. "मी ओळखत होतो न त्याइले. लय जुना घरोबा आमचा."

दुसऱ्या रांगेत बसलेल्या गोजरबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. "याले तं मी पयल्यांदाच पाहून राह्यली व."

खरं तर कोणीतरी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण आपल्याकडे पाहुणा चुकला तर ती चूक आधी पूर्ण होऊ द्यायची पद्धत आहे. मध्येच थांबवलं तर त्याचा अपमान होतो. खरात सरांनी घाम पुसला, मयुरीनं धम्मशीलाकडे पाहिलं, धम्मशीलानं वर पंख्याकडे, आणि भगवंतराव माइकवर म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू."

सगळी खोली उभी राहिली. गोजरबाईही उभ्या राहिल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि शेजारणीच्या कानात विचारलं, "कोण गेलं व? चांगलं माणूस होतं काय?"

शेजारणीला सांगता येईना. मौन होतं.

भगवंतराव चौकटीच्या अगदी समोर उभे होते. मान किंचित खाली, हात जोडलेले. कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. आणि ते कशालाच हात लावत नव्हते.

हे धम्मशीलाच्या लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. "मयुरे," ती पुटपुटली, "तार..."

"मुके झाले का बे सगळे?" चौकटीतून आवाज आला. "हात लावा नं. चावत नाई मी."

भगवंतरावांनी आयुष्यात खूप जणांना श्रद्धांजली वाहिली होती, पण उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. ते मागे सरकले, धोतरात अडखळले आणि आधाराला टेबल धरायला गेले. हात पडला जात्यावर.

"हे जातं माया सासूनं देल्लं," गोजरबाई मोकळ्या आवाजात सांगू लागल्या. "दोघीनं ओढा लागते. एकटीनं ओढलं का बाई लवकर म्हतारी होते. अन् माणसाईनं तं हात लावूच नये, उगाच दाणे सांडवते."

भगवंतरावांनी हात असा काढला, जणू जातं तापलेलं असावं. रांगांमधून दबकी खसखस पिकली. पण ते अनुभवी होते. त्यांनी पुन्हा हात जोडले, "असा पुण्यात्मा होणे नाही," एवढं म्हणाले आणि थेट गाडीत जाऊन बसले. धाडला पोचेपर्यंत गजेंद्रनं त्यांना हळूहळू समजावलं म्हणतात, की मघाचं संग्रहालय होतं. त्याचा परिणाम असा झाला की दहाव्याला ते मनापासून म्हणाले, "असे उपक्रम गावोगाव व्हायला हवेत."

पण गजेंद्रनं समजावण्याआधी एक काम उरकलं होतं. हार घातलेला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि तो तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर.

पहिला फोन गोजरबाईंच्या मुलीचा, पुष्पांजलीचा आला. तो गोजरबाईंनीच उचलला.

"मेली नाई व मी. शाळेत कार्यक्रमाले आली. रडू नको, चिवडा खाऊन राह्यली." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "हाव, आवाज मायाच हाये. टीव्हीतला नाई. फोन ठेव अन् गॅसवर काय ठेवलं ते पाह्य, तुले काही सांगितलं का तू दूध उतू घालते."

हे शेवटचं ऐकून पुष्पांजलीची खात्री पटली.

दुसरा फोन आलाच नाही. त्याऐवजी तासा-दीड तासानं चिखलीकडून येणारी जीप शाळेच्या फाटकाशी थांबली आणि तीतून उकंडराव उतरले. गोजरबाईंचे धाकटे भाऊ. डोक्याला पांढरा टॉवेल, हातात केळीच्या पानात बांधलेला भलामोठा हार.

इथं हे सांगायला हवं की बहीण-भाऊ पुष्पांजलीच्या लग्नापासून बोलत नव्हते. त्या लग्नात मुलीच्या सख्ख्या मामाला दुसऱ्या पंगतीत बसवलं गेलं. मुद्दाम नव्हे, पण बसवलं गेलं. आता पुष्पांजलीचा मुलगा शाळेत जाऊ लागला होता आणि उकंडराव अजून त्या पंगतीतून उठले नव्हते.

खिडकीतून गोजरबाईंनी त्यांना येताना पाहिलं. हातातला चिवडा हातातच राहिला.

"आजी, मी सांगून येतो त्याइले," मयुरी निघाली.

"चूप बस." गोजरबाईंनी तिला दंडाला धरून चौकटीशेजारच्या कापडी पडद्यामागे ओढलं. धम्मशीला आधीच तिथं वायरी गुंडाळत होती. "काय म्हणते तं पाहू दे. जित्तेपणी तं काही म्हटलं नाई त्यानं."

उकंडरावांनी दाराबाहेर चपला काढल्या. चौकटीसमोर येऊन खाली बसले. बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"मुके झाले का बे सगळे?" चौकट म्हणाली.

उकंडराव दचकले नाहीत. उलट त्यांना ते अगदी ओळखीचं वाटलं असावं. मोठ्या बहिणीला ते बाई म्हणत. "मुका नाई झालो, बाई," ते म्हणाले. "रागात होतो." आणि उठता उठता त्यांचा हात तिफणीवर टेकला.

"ही तिफण माया बापाची," गोजरबाई सांगू लागल्या. "मी चाड्यावर बी टाकू, अन् माया भाऊ बैल हाके. एवढुसा होता. पण तास असे सरळ धरे, जशी दोरी लावली. तसं धरणारा मले मंग कोणी दिसला नाई."

उकंडरावांनी टॉवेल तोंडाला लावला. पडद्यामागे मयुरीनं नाक ओढलं.

"दुसऱ्या पंगतीचं म्या उगाच मनावर घेतलं, बाई," टॉवेलातून आवाज आला. "खरं सांगू का, दुसऱ्या पंगतीत बुंदी गरम होती. पयल्या पंगतीले थंडीच भेटली."

"मंग इतके वर्स तोंड काऊन फिरवलं बे?"

हे वाक्य रेकॉर्ड केलेलं नव्हतं. धम्मशीलानं डोक्याला हात लावला.

"वर जाऊन बी जबान तशीच हाये तुयी," उकंडराव चौकटीला म्हणाले.

तेव्हा पडदा सरकवून गोजरबाई बाहेर आल्या. उकंडरावांनी बहिणीकडे पाहिलं. मग चौकटीकडे. मग पुन्हा बहिणीकडे. किंचाळणं वगैरे काही झालं नाही. ते मुलींकडे वळून एवढंच म्हणाले, "पोरीहो, यातली एक बंद करा. दोघी दोघी मले झेपत नाई."

मग दोघं रडले, आणि चहा येईस्तोवर 'तू फोन काऊन नाई केला'वरून त्यांचं कडाक्याचं भांडणही सुरू झालं. म्हणजे सगळं सुरळीत झालं.

राहता राहिला उकंडरावांचा हार. "चिखलीहून आणला, आता हा कोणाले घालू?" ते म्हणाले.

"तिलेच घाल," गोजरबाईंनी चौकटीकडे बोट केलं. "मले टोचते."

त्यांनी तो घातला. हार इतका जाड होता की चौकटीच्या माथ्यावर बसला आणि कॅमेरा झेंडूत बुडाला. मयुरीनं तो जरा बाजूला करायला हात पुढे केला, तर गोजरबाईंनी तिच्या मनगटावर चापट मारली. "माया भावाचा हार हाये. सुकला तरी तो तिथंच राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरात सरांनी शब्द पाळला. फजिती झाली होती, यात वाद नव्हता. त्यांनी हमाल बोलावले. हमालांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं, दारापर्यंत आले, आत पाहिलं आणि पोतं पुन्हा खाली ठेवलं.

"सर, इथं हार घातलेला हाये. मौन बी झालं म्हणते."

"अरे, त्या जिवंत आहेत. काल चिवडा खाल्ला त्यांनी इथं."

"असन. पण हारासमोर पोतं आपटणं मले जमणार नाई."

दुसरा हमालही नाही म्हणाला. सरांनी स्वतः एक पोतं ओढत आणलं, उंबऱ्याशी आले आणि त्यांचेही पाय आपोआप चपलेतून बाहेर निघाले. मग त्यांनीच चौकटीकडे पाहून नकळत हात जोडले. जोडल्यावर लक्षात आलं, पण तोवर जोडले होते. खोली मुलींची झाली. व्हरांडा उंदरांकडे राहिला.

फक्त आता कॅमेऱ्याला काही दिसत नव्हतं. शिवाय इतकी माणसं वस्तूंना हळदीकुंकू लावून गेली की सेन्सरही मुके झाले. जगात कुठेही हात लावायचं संग्रहालय असेल, पण हात जोडायचं हे एकच. धम्मशीलानं तीन दिवस खटपट केली आणि मग गोजरबाईंकडे गेली. गोजरबाई म्हणाल्या, "त्यात काय हाये? मी बसतो की पडद्यामागं."

महिन्याभरानं एका शनिवारी तालुक्याहून एक साहेब शाळा बघायला आले. पायातले बूट बाहेर काढून ते चौकटीसमोर उभे राहिले.

"मुके झाले का बे सगळे? हात लावा नं."

साहेबांनी हसून तिफणीला हात लावला.

"ही तिफण माया बापाची. माया भाऊ बैल हाके. तास सरळ धरे, पण जेवाची घाई लय त्याले."

"खोटं हाये ते," पडद्यामागून दुसरा आवाज आला. "घाई हिलेच राहे."

साहेब थक्क झाले. "भाऊसुद्धा उत्तर देतो? आणि आवाज किती जिवंत. मुंबईतसुद्धा असं पाहिलं नाही मी. कोणतं सॉफ्टवेअर आहे हे?"

खरात सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मयुरीला, बहुधा जन्मात पहिल्यांदाच, काही सुचलं नाही. शेवटी धम्मशीलाच म्हणाली, "एक गावातलंच आहे, सर. दुसरं दर शनिवारी चिखलीहून येतं. जीपनं."