माशांचा तटस्थ रक्षक

मासे सांभाळण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या वसाहतीत नाही. माझ्या हातून आजवर एकही मासा दगावलेला नाही! (तोवर मी एकही पाळला नव्हता, हा भाग वेगळा.) ही बढाई मी सलूनमध्ये, गालाला साबण लावलेला असताना मारली आणि निवृत्तीनंतर मला काम लागलं!

झालं असं, की शेजारच्या कंपनीने विद्यापीठाशी पाणी-संशोधनाचा करार केला. कारखान्याचं सांडपाणी दोघांनी मिळून इतकं शुद्ध करायचं, की ते थेट आमच्या वसाहतीच्या नळांना सोडता येईल. पुरावा म्हणून ते पाणी काचेच्या एका पेटीतून वाहणार. पेटीत सात मासे. महिनाभर जगले, की नळ सुरू! आता दररोज सकाळी पेटी कोणी बघायची? विद्यापीठाचा कंपनीवर विश्वास नव्हता आणि कंपनीचा विद्यापीठावर. दोघांचं एकमत झालं ते माझ्यावर. मी तटस्थ!

पहिल्याच सकाळी पाहतो तो दोन मासे पोट वर करून तरंगतायत. आरामखुर्चीत पेन्शनर पडावेत तसे, निवांत.

मला दरदरून घाम फुटला. खाणं जास्त पडलं असणार! नाहीतर माझ्या खोकल्याने दचकले असतील! पाण्याचा संशय? छे, दोन-दोन संस्थांचं पाणी ते! मेलेले रुमालात गुंडाळले, दुकानातून दोन जिवंत आणून सोडले. दुसऱ्या दिवशी तीन गेले. मग रोजचंच झालं. दुकानदार मला "या, घाऊक!" म्हणू लागला. शेवटी एक जास्तीचाच सोडून ठेवला. राखीव.

"अहो, तुमच्या रुमालांना कसला हो वास येतो?" बायकोने विचारलं.

"संशोधनाचा."

"ते संपलं की सूनबाईला हेच पाणी द्यायचं ना? सातवा लागलाय तिला. मला बाई धाकधूक वाटते."

"धाकधूक कसली? मी आहे ना तिथे!"

तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापक आणि कंपनीचा केमिस्ट तपासणीला आले. प्राध्यापकांनी मासे मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले.

"दहा! सातांचे दहा झाले!"

मी चरकलो. माझ्या हिशोबाने आठ हवे होते.

"म्हणजे... पिल्लं झाली?" केमिस्टचा आवाज कापत होता.

"पिल्लं आईएवढी दिसतायत," मी म्हणालो.

"पाणीच तसं पौष्टिक आहे!" प्राध्यापक म्हणाले.

झालं! ही बातमी मीच घरोघरी पोचवली. महिना पुरा व्हायची वाटसुद्धा कोणी पाहिली नाही. सोमवारी नळ सोडायचं ठरलं.

सोमवारी शेवटची पिशवी घेऊन गेलो, तर पेटीपाशी केमिस्ट बाही वर करून उकिडवा बसलेला. त्याच्याही हातात पिशवी. पिशवीत मासा! आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोच मागून प्राध्यापक आले. त्यांच्या हातातल्या चहाच्या थर्मासमध्ये काहीतरी फडफडत होतं.

"काका, मी रोज दुपारी यायचो," केमिस्ट म्हणाला. "वाटलं, औषधाचं प्रमाण माझ्याच हातून चुकतंय. नोकरी जाईल हो!"

"मी संध्याकाळी," प्राध्यापक फरशीकडे बघत म्हणाले. "वाटलं, मासेच मी नाजूक निवडले."

"आणि राखीव?"

"एक."

"मीही एकच."

करारात 'सहकार्य' हा शब्द पानोपानी होता. तो प्रत्यक्षात उतरलेला मी प्रथमच पाहत होतो.

"अरे, मग नळ थांबवा!"

"मगाशीच सोडला, काका."

मी धावलो. या वयात, या गुडघ्यांनिशी! दारोदारी बादल्या भरत होत्या.

"पिऊ नका! मासे मेलेत!"

"मेलेत कुठले? पिल्लं झालीत! काका, तुम्हीच तर सांगितलंत!" गल्ली हसत होती.

घरी पोचलो तेव्हा सूनबाईने पेल्यासाठी हात पुढे केला होता.

"थांब!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पेला माझ्यासमोर धरला. "चांगलं आहे म्हणालात ना? घ्या. आधी तुम्ही."

शेजारीपाजारी बघत उभे राहिले. मी पेल्यात डोकावलो. पाणी अगदी नितळ होतं. पेटीतलंही रोज असंच नितळ असायचं.

मी हात मागे घेतला.

बायकोने पेला मोरीत ओतला, मग बादली आडवी केली. समोरच्यांनी त्यांची केली. मग पलीकडच्यांनी. बादल्या ओतल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तीन आठवडे मी एवढं बोललो, पण लोकांना पटलं ते मी न घेतलेल्या एका घोटामुळे!

दोन्ही संस्थांची तातडीची बैठक संध्याकाळी झाली. दोष नेमका कशात आहे, हे तिथे एकमताने ठरलं. पाणी तेच राहिलं. मासेही तेच ठेवले. या खेपेला फक्त रक्षक बदलला.