जंक्शनवाले काकाजी

मंगळवारी दुपारी टिकाराम काकाजी गेले. बुधवारी मी शाळेत गेलो, इंग्रजीचा तास घेतला आणि घरी येऊन ओसरीवर बसलो. दिवसभरात कुणी 'जंक्शन' म्हणाले नाही.

नवख्या माणसाला यातले काही कळणार नाही, म्हणून सांगतो. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला मी काकाजींच्या घरी भाड्याने राहत असे. काकाजी धान पिकवायचे. इंग्रज जाऊन काही वर्षे झाली होती, पण त्यांच्या भाषेतला एक शब्द काकाजींनी ठेवून घेतला होता. गोंदियाच्या फलाटावरच्या पाटीवर तो त्यांना भेटला, आणि ती आपल्या गावाला मिळालेली पदवी आहे असे ते समजत. कुणी नुसते 'गोंदिया' म्हटले की अडवत.

"पुरा नाव घ्या जी. गोंदिया जंक्शन. बाहेरचा मानूस चुकला त समजतो, तुमी त इथलेच."

दोन वाटा मिळतात ते जंक्शन, एवढा अर्थ त्यांना कुणा स्टेशनवाल्याने सांगितला होता. तेवढ्या भांडवलावर त्यांनी शब्द सगळीकडे फिरवला. ताटात वरण वाहत जाऊन भाजीला लागले, जंक्शन. माझ्या भुवया मध्ये जुळलेल्या आहेत, तेही जंक्शन. "गुरुजी, तुमचा त तोंडावरच ठेसन हाय."

शेजारच्या लग्नात अंतरपाट जरा खाली सरकला आणि मागून काकाजींचा आवाज आला, "झाला जंक्शन." वाजंत्र्यांनी तीच खूण समजून वाजवायला सुरुवात केली. भटजींचे शेवटचे मंगलाष्टक तोंडातच राहिले.

"काऊन जी, एवढी कायची घाई?" भटजी चिडले.

"गाडी फलाटाले लागल्यावर सिग्नलवाला गाना म्हनत राहते का?"

नागऱ्याच्या जत्रेत ते लाल फेटा बांधून देवळाच्या पायरीवर उभे राहत. चुकल्यामाकल्याने त्यांच्यापाशी यायचे, घरचे तिथेच शोधत येत. मायलेकरांची गाठ पडली की काकाजी तो शब्द हळू आवाजात म्हणत, आणि फेटा नीट करत.

फक्त एका ठिकाणी तो शब्द त्यांच्या तोंडून येत नसे. वाटणीनंतर धाकटे भाऊ सुखरामजी पलीकडच्या घरात राहायला गेले होते. जमीन वाटली, भांडी वाटली, बैलजोडीतला एकेक बैल दोघांनी घेतला आणि बोलणे बंद झाले. चिखलणीला दोघेही दुसऱ्या कुणाचा तरी बैल मागून आणत. काकाजींचा बैल लाखा दोन्ही शेतांमधल्या धुऱ्याजवळ गेला की थांबे. पलीकडे सुखरामजींच्या धानाच्या बांधीत त्याचा जोडीदार सोन्या असे.

"बैल बिघडला," काकाजी म्हणत, आणि त्याला न मारता तिथेच उभे राहत.

एका संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर आले. "गुरुजी, जंक्शन हा शब्द आला कोठून? पाहा ना तुमच्या पुस्तकात."

मी जाडा कोश उघडला. मूळ लॅटिन निघाले. अर्थ जोडणे, बैल जुंपणे. मग मी माझ्या माहितीतले सांगितले, की आपले जू त्याच कुळातले.

"म्हंजे इंग्रजाचा जंक्शन आन् आमचा जू एकाच घरचे?"

"एकाच घरचे."

"वेगळे कवा झाले?"

"फार पूर्वी. कुणाला आठवत नाही इतक्या पूर्वी."

"तरी वयखू येतेत?"

"लक्ष दिले तर ओळखू येतात."

काकाजींनी चहा तसाच ठेवला. "सुखराम लहानपनी माह्या ताटात जेवे," ते म्हणाले, आणि उठून गेले.

सकाळी ते खांद्यावर जू घेऊन भावाच्या दारात उभे होते, मागे लाखा. मी कुंपणाशी दात घासत होतो.

"सुखराम, सोन्याले सोड."

"कायले?"

काकाजींना तो शब्द आठवला असणार, पण निघाला नाही. त्यांनी खांद्यावरचे जू सावरले.

सुखरामजींनी त्यांच्याकडे पाहिले. "एवढा वजन एकटाच कायले उचलून राहिला? या वयात?" असे म्हणत ते पायरी उतरले, सोन्याचे दावे सोडून आले आणि जुवाचे दुसरे टोक त्यांनी आपल्या खांद्यावर घेतले. दोघे म्हातारे तसेच, मधे जू धरून, बांधीकडे गेले. मागून दोन्ही बैल, कुणी न हाकता.

त्या दिवशी लाखा धुऱ्याशी थांबला नाही.

ते बैल आता नाहीत. काकाजीही नाहीत. दोन्ही बांध्या सुखरामजीच नांगरतात. जू तेच आहे.