करवंदाच्या पाकातलं वॉफल

“रविवारचा नाष्टा माज्या हातचा! तुमी फकस्त ताटावर येऊन बसा!” सीतारामनं फोनवर असं काही ठणकावलं की, पलीकडं चिंचवडला सातव्या मजल्यावर लेकाच्या हातातला फोन नक्की हलला असणार.

ठणकावण्याला कारण होतं. बायको रतन गेल्यापासून लोणावळ्याजवळच्या वलवणच्या घरात सीताराम एकटाच राहायचा. आता लेक गौरव आणि सून प्रज्ञा येणार होते ते त्याला, म्हणजे त्यांच्या आबांना, कायमचं चिंचवडला घेऊन जायला, घराला कुलूप लावून. जोडीला कान्हे गावाहून त्याची थोरली बहीण आक्काबाई. आक्का येणार म्हणजे निकाल लागलाच की! “ज्याला पोहे करपवल्याशिवाय करता येत नाहीत, तो माणूस एकटा जगणार कसा?” एवढाच तिघांचा सवाल.

“पोहेच कशाला?” सीताराम मनाशी म्हणाला. “वॉफल करतो! लोणावळ्यात पाहुणे रांगा लावून खातात तसलं. एक घास खाल्ला की पोरगंच म्हणंल, आबा, तुमी हितंच ऱ्हावा!”

वॉफलचं मशीन सुनेनंच हौसेनं घेतलेलं आणि हौस फिटल्यावर इकडं आणून टाकलेलं. व्हिडिओ बघून सगळी कृती पाठ झाली होती. रविवारी उजाडताच गडी कामाला लागला. मैदा, दूध, अंडी, लोणी; वर आंब्याच्या फोडी नि फणसाचे बारीक चिरलेले गरे. पहिलं वॉफल मशीनला असं बिलगलं, जशी सासरी निघालेली पोर आईला! उलथन्यानं खरवडून काढलं. दुसरं अर्धं वर, अर्धं खाली. तिसरं मात्र असं उतरलं, की बघत राहावं! खरपूस, सोनेरी, आणि अंगावर भाताच्या खाचरांसारखे नीटस चौकोन. मग तशीच आणखी काढली.

“आता पाक!” म्हणून सीतारामनं करवंदांचा रस साखरेत घालून आचेवर चढवला, आणि तिथंच त्याचं मन हातातून निसटलं.

करवंदं म्हटली की रतन. डोंगराच्या उतारावर काट्यातून हात घालून ती टपोरी करवंदं तोडायची, दोन पाटीत टाकायची, एक याच्या तोंडात. सीताराम जन्मभर चिक्कीच्या कारखान्यात पाकाच्या कढईपाशी उभा राहिलेला. संध्याकाळी घरी यायचा तो अंगाला गुळाचा वास घेऊनच. तो वास अंगणात आला की रतन आतूनच सूर धरायची,

गुळाच्या गं वासामागं दारी आलं कोण?
मुंगीबाई, सर मागं, आधी माझं लिंबलोण!

रस खदखदत होता, सांजेच्या आभाळासारखा जांभळा होत होता, आणि सीताराम ती ओवी गुणगुणत होता. मन अंगणात होतं, पण हात कामावर हजर होते. त्या हातांनी सवयीनं पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकला. मऊ. थोड्या वेळानं पुन्हा टाकला. गोळी झाली. पुन्हा टाकला, उचलून वाटीच्या काठावर आपटला. टण्!

“जमला!” सीताराम खूश झाला.

आता वॉफलवर ओतायचा पाक मधासारखा पातळ असावा लागतो, हे व्हिडिओतल्या बाईनं तीनदा सांगितलं होतं. पण टण् वाजल्याशिवाय त्या हातांनी उभ्या आयुष्यात आच बंद केली नव्हती, त्याला बाई काय करणार?

इतक्यात मंडळी आलीच. गरम वॉफलांवर गरम पाकाची धार पडली. काय ते रूप! काय तो वास!

“अय्या, आबा, हे तुम्ही केलंत?” प्रज्ञा चकित.

“मग! निवू द्या वाईच, भाजंल.”

निवू दिलं. तेच भोवलं!

“आबा,” गौरवनं घसा साफ केला, “आम्ही असं ठरवलंय की, हे घर आता...” पुढचं बोलायला धीर हवा म्हणून त्यानं मोठा घास घेतला. कट्ट! वरचा जबडा खालच्याला जो भेटला तो सुटेचना.

“म्म्म! म्म्म्म!”

“अहो, काय झालं?” म्हणत प्रज्ञानं आपला काटा वॉफलमधून उपसायला ओढला, तर वॉफलसकट ताटली हवेत!

“थांबा गं, मी बघते,” म्हणून आक्काबाईनं घास चावला आणि ओढला. वॉफल बाहेर आलं, त्याच्याबरोबर वरची कवळीही आली, वॉफलमध्ये रुतून हसत बसलेली!

“शिताऱ्या! मेल्या! ही न्याहारी हाय का सापळा?”

“आक्का, चावू नगं, चघळ! चिक्की झालीया जनू...”

“डॉक्टरांना बोलावू?” प्रज्ञा रडकुंडीला आली.

गौरवनं हातानंच ‘नको’ म्हटलं. त्याचे डोळे भरून आले होते. तोंडात करवंदाचा आंबटगोड कडक तुकडा हळूहळू विरघळत होता. लहानपणी आबा टॉवेलाच्या टोकाला चिक्कीचे फुटके तुकडे बांधून आणायचे. तो भोकाड पसरून बसला की आई त्यातलाच एक तोंडात सारायची आणि म्हणायची, “आता बोल बघू!” मग तो असाच मुका बसायचा, उंबऱ्यावर, तिच्या पदराला धरून. चुलीकडच्या भिंतीकडं बघत गौरव बराच वेळ चघळत राहिला.

शेवटी जबडा सुटला. पण आणलेलं भाषण काही निघालं नाही.

“आबा,” तो एवढंच म्हणाला, “घराला कुलूप नको.”

सीतारामची छाती वॉफलपेक्षा जास्त फुगली! जिंकला की गडी!

तेवढ्यात आक्काबाईनं गरम चहात बुडवून सोडवलेली कवळी तोंडात बसवली, दोनदा आपटून खात्री केली आणि म्हणाली, “व्हय, घर उघडंच ऱ्हाऊ दे. पर ह्या येड्याला एकटा ठिवायचा न्हाई. मीच येते हितं ऱ्हायला! उद्याच वळकटी आनते. शिताऱ्या, पाटंचं उटायचं, साखर बंद, नि चुलीपाशी फिरकलास तर याद राख!”

सीताराम हळूच सुनेकडं सरकला.

“पोरी,” तो म्हणाला, “तुमच्या त्या सातव्या मजल्यावर वारं लय झकास येत आसंल, न्हाई?”